एनीडेस्क, टीमव्ह्युअर जोडत नाही? फायरवॉल आणि प्रॉक्सीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तालुक्याच्या गावात आणि त्याहूनही आत बसून संगणकावर काम करणाऱ्यांसाठी आहे. पतसंस्थेची शाखा, जिनिंगचं ऑफिस, कृषी केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र, शाळेतली संगणक खोली, कुणीही. सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा माणूस नागपूरला, अमरावतीला नाहीतर थेट पुण्याला असतो. त्याला एटापल्लीला, धारणीला किंवा झरी जामणीला बोलावायचं म्हणजे त्याचा अख्खा दिवस प्रवासात जातो आणि तोवर तुमचा काउंटर बंद. एनीडेस्क, टीमव्ह्युअर अशा दुरून स्क्रीन उघडून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर इकडची किती कामं अवलंबून आहेत, हे ते अडल्यावरच कळतं. ते नेमकं कुठे अडलं हे तुम्हाला स्वतःला शोधता यावं म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत. दुरुस्तीच्या फोनवर लोक ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत प्रश्न ठेवले आहेत.

नेट चालू आहे, यूट्यूब दिसून राहिलं, मग एनीडेस्क काहून जोडत नाही?

कारण यूट्यूबची वाट आणि एनीडेस्कची वाट एकच असेल असं नाही. बाजार समितीचं उदाहरण घ्या. फाटकावर चौकीदार असतो; कोणती गाडी आत येणार, कोणती बाहेर जाणार, हे तो चिठ्ठी पाहून ठरवतो. फायरवॉलचं काम तेच. आणि आत अडत्या असतो. व्यापाऱ्याशी बोलणी तुम्ही करत नाही, तुमच्या वतीने तो करतो. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे हा अडत्या. ब्राउझरला अडत्याचा पत्ता माहीत असतो, म्हणून यूट्यूब चालतं. एनीडेस्कला तो पत्ता सांगितलेला नसेल तर ते थेट फाटकाकडे जातं आणि चौकीदार परत पाठवतो.

दुसरी गोष्ट समजून घ्या, पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच आहेत. एनीडेस्क, टीमव्ह्युअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप ही सॉफ्टवेअरं मधल्या सर्व्हरमार्फत, म्हणजे नेटवरच्या कंपनीच्या संगणकामार्फत, भेटतात. तुमचा संगणकही बाहेर जातो, इंजिनिअरचाही बाहेर जातो, आणि गाठ मधल्या सर्व्हरवर पडते. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप किंवा व्हीएनसी नावाचं सॉफ्टवेअर तसं करत नाही. तिथे समोरचा माणूस सरळ तुमच्या संगणकाच्या दारावर येतो. फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला सहसा जाऊ देते, आत येणाऱ्याला सहसा अडवते. म्हणून 'फायरवॉलने अडवलं' असं म्हणण्याआधी आपलं सॉफ्टवेअर यातल्या कोणत्या जातीचं आहे, ते पाहा.

सगळ्यात आधी काय तपासू?

मोबाइलचा हॉटस्पॉट. या एका चाचणीने जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशानेच कळत नाही.

संगणक ऑफिसच्या नेटवरून काढा, फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि एनीडेस्क बंद करून पुन्हा उघडा. तिथे एनीडेस्कमध्ये तुमचा नंबर (जो टाकून इंजिनिअर जोडतो) आला आणि जोडणी झाली, तर तुमचा संगणक ठीक आहे. अडवणारा ऑफिसच्या राउटरमध्ये, फायरवॉलच्या पेटीत (नेटवर्कवर बसवलेल्या वेगळ्या यंत्रात) किंवा प्रॉक्सीत बसला आहे. हॉटस्पॉटवरही जोडलं नाही तर दोष संगणकातच आहे: विंडोजची फायरवॉल, अँटिव्हायरस, चुकलेली तारीख किंवा कधीतरी भरून ठेवलेली प्रॉक्सी. मग ऑफिसच्या नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही.

एक अट आहे. बँकेचा, पतसंस्थेच्या मुख्य सॉफ्टवेअरचा किंवा सरकारी खात्याचा संगणक विचारल्याशिवाय हॉटस्पॉटला जोडू नका. तो बंदिस्त नेटवर्कमध्ये ठेवण्यामागे कारण असतं. अशा ठिकाणी उलट करा: स्वतःचा लॅपटॉप घ्या आणि परवानगी घेऊन ऑफिसच्या नेटवर जोडा. त्यावरही एनीडेस्क अडलं तर अडथळा नेटवर्कमध्ये आहे.

मेळघाटात किंवा भामरागडकडे कित्येक ठिकाणी फोनला रेंजच नसते, तिथे हॉटस्पॉटचा प्रश्नच मिटतो. तिथेही हीच दुसऱ्या लॅपटॉपची युक्ती कामी येते. आणि हे करताना समोरच्या इंजिनिअरलाही विचारा की तो दुसऱ्या कुणाशी जोडू शकतो आहे का. अडथळा त्याच्या बाजूला असतो हे फार लोकांच्या ध्यानातच येत नाही.

स्क्रीनवर जो मेसेज येतो त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं, म्हणून फोन करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. एनीडेस्कमध्ये खाली 'नेटवर्कपासून तुटलं आहे' या अर्थाचा मेसेज असेल आणि तुमचा नंबरच दिसत नसेल, तर तुमचा संगणक मधल्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही. हा खरा फायरवॉल-प्रॉक्सीचा प्रकार. टीमव्ह्युअरमध्ये 'तयार नाही, जोडणी तपासा' असं लाल ठिपक्यासह येतं, त्याचाही अर्थ तोच.

तुमचा नंबर दिसतो पण समोरचा 'ऑफलाइन' सांगतो, तर गडबड समोरच्या टोकाला. जोडणी होते पण 'चित्राची वाट पाहत आहे' असं येऊन थांबतं, तर फायरवॉलच्या मागे लागू नका. तिकडचा मॉनिटर बंद असतो, स्क्रीन लॉक झालेली असते किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडलेला असतो. आणि ४०७ हा आकडा दिसला तर उत्तर हातात आलं: प्रॉक्सी सापडली आहे, ती यूजरनेम-पासवर्ड मागते आहे.

विंडोजची फायरवॉल बंद करून पाहू का?

नका करू. मला माहीत आहे, हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि 'दोन मिनिटांसाठी' म्हणून बंद केलेली फायरवॉल महिनोन्महिने बंदच राहते. ज्या संगणकावर ठेवीदारांचे हिशेब आहेत किंवा लोकांच्या आधारच्या प्रती आहेत, त्यावर हा धोका घेऊ नये. शिवाय गरजही नसते. विंडोजची फायरवॉल मुळात बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, आत येणाऱ्यालाच अडवते. एनीडेस्क बाहेर जातं. त्यामुळे फायरवॉल बंद केल्याने फरक पडायची शक्यता तशीही कमीच.

मग विंडोजची फायरवॉल आड येते कधी? बहुतेक वेळा एकाच कारणाने. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं तेव्हा विंडोजने विचारलं होतं, 'या प्रोग्रामला परवानगी द्यायची का?' आणि घाईत कुणीतरी 'कॅन्सल' दाबलं. विंडोज त्याचा अर्थ 'नाही' असा घेते आणि त्या प्रोग्रामच्या नावाने अडवणारा नियम लिहून टाकते. पुढे तुम्ही परवानगीचा नियम कितीही वेळा टाका, अडवणारा नियमच वरचढ ठरतो. तो आधी काढावा लागतो.

स्टार्टमध्ये 'विंडोज डिफेंडर फायरवॉल' शोधा, डावीकडे 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडा, 'इनबाउंड रूल्स'मध्ये जा. यादीत सॉफ्टवेअरचं नाव शोधा. ज्या ओळीपुढे लाल खूण आहे तो अडवणारा नियम. तो डिलीट करा, प्रोग्राम पुन्हा उघडा आणि या वेळी विचारलं की 'अलाउ' दाबा.

अजून एक बारकावा. हा नियम फाइलच्या जागेला बांधलेला असतो. डाउनलोड फोल्डरमधून चालवलेलं एनीडेस्क वेगळं आणि रीतसर इन्स्टॉल केलेलं वेगळं, निदान फायरवॉलच्या लेखी तरी. दर वेळी नवीन कॉपी उतरवून डेस्कटॉपवरून चालवायची सवय असेल तर परवानगीही दर वेळी नवीन लागते.

'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' नेटवर्क म्हणजे काय, कोणतं ठेवू?

विंडोज अनोळखी वाय-फायला 'पब्लिक' धरते आणि तिथे जास्त कडक वागते. ऑफिसच्या स्वतःच्या राउटरला 'प्रायव्हेट' करा. बसस्टँडवरच्या, लॉजच्या किंवा दुसऱ्याच्या वाय-फायला 'पब्लिक'च राहू द्या. राउटर बदलला की विंडोज तो नवाच समजते, त्यामुळे 'काल चालत होतं, आज बंद' असं झालं की हे एकदा पाहून घ्या. एकाच ऑफिसातल्या दोन संगणकांमध्ये रिमोट डेस्कटॉप चालत नसेल तर पहिला संशय इथेच घ्यावा.

अँटिव्हायरस त्याला 'धोकादायक' म्हणतो. खरंच व्हायरस आहे का?

सॉफ्टवेअर कंपनीच्या मूळ वेबसाइटवरून घेतलं असेल तर नाही. अँटिव्हायरसचा संशय मात्र निराधार नाही. फसवणारे लोक हेच सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून काही अँटिव्हायरस दुरून ताबा देणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला जोखमीच्या यादीत टाकतात. पेनड्राइव्हवरून आलेली, व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली किंवा 'फुल व्हर्जन' म्हणून मिळालेली कॉपी असेल तर अँटिव्हायरसचं ऐका आणि ती फाइल काढून टाका. मूळ कॉपी असेल तर अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये तेवढाच प्रोग्राम अपवाद म्हणून टाका. विकत घेतलेल्या अनेक अँटिव्हायरसमध्ये स्वतःची फायरवॉल असते आणि ती विंडोजच्या फायरवॉलची जागा घेते. विंडोजमध्ये सगळं बरोबर दिसूनही अडत असेल तर तिथे जाऊन पाहायचं राहिलं आहे.

इंजिनिअर म्हणतो 'पोर्ट उघडून द्या'. कोणते?

पोर्ट म्हणजे संगणकाच्या नेटवरच्या येण्याजाण्याचं आकडा दिलेलं दार. सॉफ्टवेअरनुसार वेगळे. एनीडेस्क बाहेर जाण्यासाठी ८०, ४४३ आणि ६५६८ वापरतं, आणि यांतला एक जरी मोकळा असला तरी त्याचं भागतं. टीमव्ह्युअर आधी ५९३८ वर प्रयत्न करतं, तो बंद असला तर ४४३, तोही जमला नाही तर ८०. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९, व्हीएनसी ५९००. क्रोम रिमोट डेस्कटॉप ४४३ वर काम भागवतं, पण थेट जोडणीसाठी यूडीपीचा (माहिती पाठवायच्या एका पद्धतीचा) वापर करतं आणि त्यात ३४७८ लागतो. रस्टडेस्क हे असंच सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असाल तर मूळ पोर्ट २१११५ पासून पुढचे. विंडोजमधला क्विक असिस्ट ४४३ वरच चालतो, म्हणून बाकी सगळं अडलं की तो एकदा वापरून पाहावा.

'पोर्ट उघडा' म्हटलं की लोक राउटरमध्ये जाऊन आत येणारे पोर्ट उघडून ठेवतात. एनीडेस्क-टीमव्ह्युअरला त्याची गरज नाही, बाहेर जाणारी वाट पुरते. इंजिनिअरला स्पष्ट विचारा: आत येणारी की बाहेर जाणारी?

पोर्ट बंद आहे की उघडा, हे मला कसं कळेल? पिंग तर होऊन राहिलं.

पिंग म्हणजे पलीकडच्या संगणकाला मारलेली हाक. त्याने एवढंच कळतं की पलीकडचा संगणक उत्तर देतो आहे. त्यावरून पोर्टबद्दल काहीच सांगता येत नाही. उलटही होतं: पिंग मुद्दाम बंद केलेलं असतं आणि पोर्ट मोकळा असतो.

विंडोजमध्ये पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'टेस्ट-नेटकनेक्शन' (Test-NetConnection) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा, जागा सोडून पुढे सॉफ्टवेअरच्या सर्व्हरचं नाव (ते इंजिनिअरला विचारा), मग जागा सोडून आधी आडवी रेघ लावलेला 'पोर्ट' हा शब्द (-Port) आणि शेवटी पोर्टचा इंग्रजी आकडा. खाली शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर वाट मोकळी, 'फॉल्स' आलं तर कुणीतरी अडवत असण्याची शक्यता आहे. ४४३ 'ट्रू' आणि ५९३८ 'फॉल्स' असं आलं तर घाबरू नका, टीमव्ह्युअर स्वतःच ४४३ कडे वळतं. मात्र ज्या नेटवर्कमध्ये सगळं प्रॉक्सीमधूनच जातं तिथे ही चाचणी 'फॉल्स' सांगणारच, कारण ती प्रॉक्सीला विचारत नाही, थेट जाते. त्या उत्तरावरून निष्कर्ष काढू नका.

प्रॉक्सी आहे की नाही हे कुठे पाहू?

सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'प्रॉक्सी'. तिथे एखादा पत्ता आणि ८०८० किंवा ३१२८ असा पोर्ट भरलेला असेल, तर प्रॉक्सी आहे. 'सेटअप स्क्रिप्ट'चा पत्ता भरलेला असेल तरी आहे. त्या फाइलमध्ये कोणती वेबसाइट प्रॉक्सीमधून जायची आणि कोणती थेट, हे लिहिलेलं असतं.

कॉलेजमध्ये किंवा जिल्ह्याच्या मुख्य ऑफिसमध्ये लावलेली प्रॉक्सी लॅपटॉपसोबत घरी येते आणि घरच्या नेटवर काहीच चालत नाही, हा प्रकार नेहमीचा. घरी असताना ते बटण बंद करा, ऑफिसात गेल्यावर पुन्हा चालू करा. तुम्ही कधीच प्रॉक्सी लावलेली नाही, ऑफिसनेही नाही, आणि तरी तिथे अनोळखी पत्ता भरलेला दिसला, तर थांबा. तुमचं नेट स्वतःकडून वळवून घेणारे व्हायरस हेच करतात. आधी संगणक तपासून घ्या.

ब्राउझरमध्ये प्रॉक्सी बरोबर आहे, तरी एनीडेस्क बाहेर जात नाही. असं कसं?

हा प्रश्न जाणकारांनाही चकवतो, म्हणून सविस्तर सांगतो. विंडोजमध्ये प्रॉक्सीची नोंद एका जागी नसते. सेटिंग्जमध्ये दिसते ती त्या वेळी लॉगिन केलेल्या माणसाची. पण इन्स्टॉल केलेलं रिमोट सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून मागे चालतं, कुणी लॉगिन करो वा न करो, आणि त्या सर्व्हिसला तुमच्या नावाची सेटिंग दिसतेच असं नाही. सर्व्हिससाठी विंडोजची वेगळी नोंद असते, तिला विनएचटीटीपी म्हणतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' (netsh winhttp show proxy) ही आज्ञा दिली की तिथे काय आहे ते दिसतं. 'डायरेक्ट ॲक्सेस' असं उत्तर आलं तर सर्व्हिसला प्रॉक्सीचा पत्ता माहीतच नाही.

याची खूणही ठरलेली: तुम्ही लॉगिन करून स्वतः उघडलेलं एनीडेस्क जोडतं, पण संगणक रीस्टार्ट झाला की लॉगिनआधी ते ऑफलाइन दिसतं.

सरळ उपाय म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतच प्रॉक्सी भरणं. एनीडेस्कच्या सेटिंग्जमध्ये कनेक्शनच्या भागात आणि टीमव्ह्युअरच्या पर्यायांमध्ये 'जनरल'खाली ती जागा आहे. पत्ता, पोर्ट आणि लागत असेल तर यूजरनेम-पासवर्ड तिथे टाका. प्रॉक्सीचा पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलावा लागत असेल तर तो इथेही बदलावा लागतो, नाहीतर पुन्हा ४०७.

४४३ मोकळा आहे, प्रॉक्सीही भरली, तरी अडतं. आता?

आता अडवणारा जास्त हुशार आहे. दोन शक्यता आहेत.

पहिली, फायरवॉलची पेटी नुसता पोर्ट पाहत नाही, आतला मजकूर कोणत्या सॉफ्टवेअरचा आहे तेही ओळखते. फोर्टिगेटसारख्या पेटीत 'रिमोट ॲक्सेस' असा सॉफ्टवेअरचा वेगळा वर्गच असतो आणि प्रशासकाने (नेटवर्क सांभाळणाऱ्याने) तो बंद केला की पोर्ट कितीही बदला, फरक पडत नाही. ही चूक नाही, कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय आहे. तो घेणाऱ्याशीच बोलावं लागेल.

दुसरी शक्यता, पेटी एनक्रिप्ट (कुलूपबंद) केलेला मजकूर मध्येच उघडून तपासते आणि स्वतःचं प्रमाणपत्र (सर्व्हरचं ओळखपत्र) लावून पुढे पाठवते. ब्राउझर ते चालवून घेतो, कारण ऑफिसच्या संगणकात त्या पेटीचं प्रमाणपत्र आधीच बसवलेलं असतं. रिमोट सॉफ्टवेअर मात्र आपल्याच सर्व्हरचं प्रमाणपत्र पाहिजे म्हणून अडून बसतं, आणि ते बरोबरच आहे. मध्ये कुणी ऐकतो आहे का, हे ओळखण्यासाठीच ते तसं बनवलेलं असतं. यावर उपाय एकच: त्या सॉफ्टवेअरच्या पत्त्यांना तपासणीतून सूट. एनीडेस्कसाठी 'नेट डॉट एनीडेस्क डॉट कॉम'खालचे सगळे पत्ते, टीमव्ह्युअरसाठी 'टीमव्ह्युअर डॉट कॉम'खालचे. सर्व्हरचे आयपी नंबर टाकून सूट देऊ नका, ते बदलत असतात.

लाइट जाऊन आली आणि तेव्हापासून जोडणी बंद. फायरवॉल बिघडली का?

आधी कोपऱ्यातलं घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपला की लाइट पूर्ण गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि कित्येक वर्षं मागे जातो. रिमोट सॉफ्टवेअरची सुरक्षित जोडणी प्रमाणपत्राच्या तारखेवर चालते. संगणकाच्या मते ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो नकार देतो. ब्राउझरमध्येही 'जोडणी सुरक्षित नाही' असं येऊ लागतं. तारीख दुरुस्त करा, सेल बदलून घ्या. भारनियमनाच्या दिवसांत फायरवॉलवर ज्याचं खापर फुटतं त्यात या सेलचा वाटा मोठा आहे.

घड्याळ बरोबर असेल तर राउटर पाहा. लाइट आल्यावर काही राउटर जुन्या किंवा मूळ सेटिंगवर परततात.

जिओच्या नेटवर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला, तरी रिमोट डेस्कटॉप बाहेरून लागत नाही.

लागणारही नाही. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून येणाऱ्याला राउटरने तुमच्या संगणकाकडे पाठवणं, पण इथे तो राउटरपर्यंत पोचतच नाही. मोबाइल नेटवर, आणि कित्येक ठिकाणी ब्रॉडबँडवरही, कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही अशा सामायिक पत्त्यामागे आहात. ही पत्त्यांची रांग २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवली गेली. बाहेरून येणारा माणूस कंपनीच्या दारावर येतो, पुढे तुमच्या घरचा रस्ता कंपनीकडे नसतो. तुमच्या राउटरमध्ये काहीही बदललं तरी ते दार तुमच्या हातात नाही.

आणि हे एका अर्थी बरंच आहे. ३३८९ पोर्ट जगासमोर उघडा ठेवणं म्हणजे रात्रंदिवस पासवर्ड ओळखत बसणाऱ्या यंत्रांना आमंत्रण. अशाच उघड्या पोर्टमधून शिरून सगळा डेटा कुलूपबंद करणारे आणि पैसे मागणारे व्हायरस पसरले आहेत. रिमोट डेस्कटॉपच पाहिजे असेल तर आधी वायरगार्डसारखा व्हीपीएन (नेटमधून जाणारी बंदिस्त खासगी वाट) उभा करा आणि त्याच्या आतून वापरा. सामायिक पत्त्यामागे त्यासाठीही बाहेर एखादा सर्व्हर लागतो, किंवा कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो. एवढी खटपट नको असेल तर मधल्या सर्व्हरवालं सॉफ्टवेअर वापरा, ते सामायिक पत्त्यामागूनही चालतं. आणि विंडोजची 'होम' आवृत्ती असेल तर बाहेरच्याला रिमोट डेस्कटॉप देण्याची सोयच तिच्यात नाही, हेही पाहून घ्या.

जोडतं, पण फार रखडतं आणि मधेच तुटतं.

फायरवॉल यूडीपी अडवत असेल तर दोन संगणक थेट भेटू शकत नाहीत, सगळं मधल्या सर्व्हरवरून फिरून येतं. काम होतं, पण माउस मागे राहतो. प्रशासक यूडीपी सोडायला तयार नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा दर्जा कमी करा आणि वॉलपेपर बंद करा.

पीपीपीओई पद्धतीच्या (राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड भरून जोडणाऱ्या) फायबरवर एक खास दोष दिसतो: लहान गोष्टी जातात, मोठं चित्र आलं की अडतं. तिथे पॅकेटचा, म्हणजे माहितीच्या एका गठ्ठ्याचा, आकार १५०० च्या जागी १४९२ असतो आणि एखादी फायरवॉल आकाराचा निरोपच मागे येऊ देत नाही. राउटरमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ करून पाहा.

दुरून बसून इंजिनिअरने फायरवॉलची सेटिंग बदलली तर चालेल?

चालेल, पण फोन चालू ठेवूनच. नियम बदलताना जोडणी तुटली तर ती परत जोडायला संगणकासमोर तुम्हीच असता. शिवाय प्रशासकाची परवानगी मागणारी खिडकी आली की इन्स्टॉल न करता चालवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये समोरच्याला ती दिसतही नाही. 'माझ्याकडे काळी स्क्रीन आली' असं तो म्हणेल. तुम्ही खिडकीतला मजकूर त्याला वाचून दाखवा, आणि पटलं तरच 'येस' दाबा.

जुना विंडोज ७ आहे. त्यावर?

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट आणि दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. जुन्या विंडोज ७ मध्ये नवीन मूळ प्रमाणपत्रं नसतात आणि जोडणी नुसत्या त्या कारणाने पडू शकते. फायरवॉल शोधण्यात वेळ घालवू नका. लोकांच्या पैशाचं काम त्यावर होत असेल तर संगणक बदलण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मांडा.

ऑफिसवाल्यांनी बंद करून ठेवलं आहे. काही पळवाट आहे का?

पळवाटा असतात, पण मी त्या इथे देणार नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक किंवा नेटवर्क वापरणं, किंवा दुसऱ्याला तसं करायला मदत करणं, नुकसानभरपाईला पात्र आहे. अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा होतो. त्यात अडकतो तो काउंटरवर बसलेला पोरगा, सल्ला देणारा नाही. सेवा केंद्राच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरने नोकरी धोक्यात घालावी असं यात काही नाही.

परवानगी मागितली तर मिळते, फक्त मागणी नेमकी पाहिजे. 'एनीडेस्क चालू करून द्या' एवढ्यावर कुठलाही प्रशासक 'नाही' म्हणेल. असा अर्ज द्या:

'महोदय, आमच्या शाखेतील एका संगणकावरील लेखा सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअर पुरवठादारास दूरस्थ जोडणी द्यावी लागते. त्यासाठी फक्त या संगणकावरून, फक्त बाहेर जाणारी जोडणी, टीसीपी पोर्ट ४४३ वर, सोबत दिलेल्या पत्त्यांपुरती मंजूर करावी. आत येणारा कोणताही पोर्ट उघडण्याची गरज नाही. जोडणी कार्यालयीन वेळेत, आमचा कर्मचारी समोर बसलेला असतानाच दिली जाईल. पासवर्डने आपोआप प्रवेश देण्याची सोय बंद ठेवली जाईल. काम पूर्ण झाल्यावर आम्ही लेखी कळवू, त्यानंतर परवानगी रद्द करावी.'

संगणकाचं नाव, त्याचा आयपी पत्ता, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मेसेजचा फोटो सोबत जोडा. प्रशासकाला त्याच्या पेटीतल्या नोंदीत शोधता यावं म्हणून तुम्ही प्रयत्न केला ती तारीख आणि वेळ अचूक लिहा.

फोन आला, म्हणे फायरवॉल बंद करा आणि एनीडेस्क टाका, अनुदान अडकलं आहे. टाकू का?

नाही. फोन ठेवा.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना एनीडेस्क वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. पीक विमा, केवायसी, पीएम किसानचा हप्ता, वीजबिल, निमित्त काहीही असू शकतं. पद्धत एकच: आधी नऊ किंवा दहा आकडी नंबर विचारायचा, मग 'ॲक्सेप्ट' दाबायला लावायचं, मग ओटीपी तुमच्याच स्क्रीनवर वाचायचा. खरी दुरुस्ती तुम्ही मागितल्यावर सुरू होते, आणि तिच्यात ओटीपी, यूपीआय पिन किंवा एटीएम कार्ड कधीच लागत नाही.

जोडणी देऊन बसला असाल तर सॉफ्टवेअर बंद करायच्या खटपटीत पडू नका, आधी नेट तोडा: वाय-फाय बंद, केबल बाहेर, फोन असेल तर फ्लाइट मोड. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ला आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत कळवलं तर ते गोठवण्याची शक्यता जास्त असते, म्हणून घरच्यांना काय वाटेल याचा विचार करत बसू नका. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही करता येते. गावात कुणासोबत असं झालं असेल तर त्याला रागावू नका, त्याच्यासोबत बसून आधी १९३० लावा.

काम झालं. नियम तसाच ठेवू की काढू?

काढा. फायरवॉलमधला अपवाद, अँटिव्हायरसमधली सूट आणि राउटरमध्ये काही उघडलं असेल ते, तिन्ही. सॉफ्टवेअर नेहमी लागत असेल तर राहू द्या, पण आपोआप प्रवेशाचा पासवर्ड काढून टाका आणि विंडोजबरोबर सुरू होण्याची सोय बंद करा. काय उघडलं, कुणासाठी, कोणत्या तारखेला, हे दुकानाच्या वहीत एका ओळीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी फोनवरच्या माणसाला तीच ओळ वाचून दाखवायची.